वाढत्या अंगाचं

नांदेडच्या दुकानात बस्ता बांधायला कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजे मागून कोणी म्हणायला नको की म्हातारी आपल्याच मनानं बोलून राहिली. मी व्हते. मपला थोरला लेक आन् थोरली सून, दोघं लातूरचे. त्यांच्याच पोराचं लगन. धाकली सून, जिच्यापाशी मी हिमायतनगरला राहाते. धाकलीची पोरगी, मपली नात, तवा नववीत. नवरीची माय आन् नवरीचा मामा. आन् माडीवर माप घेणारा मास्तर, लई वर्षांचा तिथला शिंपी, चष्मा कपाळावर चढवलेला. एवढ्या जणांच्या समोर झालं ते.

मला सहीपुरतं लिवता येतं. हे मी सांगून राहिले आन् नात लिवून घेऊन राहिली. तिला म्हणलं, तुझं आहे म्हून गाळू नको काही, आन् काकूचं आहे म्हून गोड करू नको.

लगन वैशाखातलं आन् बस्ता दिवाळी सरल्याबरूबर. एवढी घाई कामून, तर लगनसराईत शिंपी हाती लागत न्हाईत. आन् थोरलीला आमच्याकडच्या सगळ्या बायकांचा एकच रंग पायजे व्हता, मोरपंखी, फोटोत उठून दिसतो म्हून. आमा बायांचं काही अवघड नव्हतं. साडीला माप नसतंय. जाडी नेसो का वाळकी नेसो, साडी काही तक्रार करत न्हाई. पण नात करवली व्हायची व्हती. नवरदेवाला सख्खी बहीण न्हाई, म्हून चुलत बहिणीनं करा, म्हंजे पाण्याचा तांब्या-नारळ, धरून मागं उभं राहायचं, हे लेकरं लहान व्हती तवापासून ठरलेलं. तिच्यासाठी घागरा-चोळी शिवायची व्हती, भरगच्च जरीची.

मास्तरनं टेप लावला. मी म्हणले, मास्तर, वाढत्या अंगाचं घ्या. शिवणीच्या आत माया सोडा, चांगली चार बोटं. आमच्यात लेकराचा कपडा असाच शिवतेत. आत कापड दुमडून ठेवायचं, लेकरू वाढलं की टीप उसवायची. मास्तरनं माझ्याकडं बघितलं, मग थोरलीकडं बघितलं.

"अम्मा बोलतेत वैसा करूं क्या, बाई?"

थोरली म्हणली, "न्हाई हो, बराबर अंगाला बसलं पायजे. आत्याबाई, आत कापड ठेवलं की पोरगी पोत्यावाणी दिसती. शाळेचा ड्रेस शिवायला आलो का आपण?"

सगळे हासले. नवरीचा मामा पण हासला, त्याला काय कळलं देवाला मालूम. नात पण हासली, लेकरूच ते. धाकली खाली बघत बसली, ती जावेच्या पुढं बोलत न्हाई. मास्तरनं मान हालवली आन् आकडे लिवून घेतले. ज्याचं कापड त्याचा हुकूम, त्याला मी बोल लावत न्हाई.

पण मला सांगा, चौदा सरून पंधराव्यात चाललेली पोरगी. दिवाळीच्या आगंमागं पेरलेली ज्वारी होळीपर्यंत माणसाच्या डोक्यावर जाऊन कापून खळ्यात येती. आन् ह्यांना पोरगी दिवाळीला मोजली तेवढीच वैशाखात पायजे व्हती.

संक्रांतीच्या टायमाला कपडे आले. नातीनं घालून बघितले, बसले, गोल फिरली वसरीत. मग मात्र पोरीनं अंग धरलं. शाळेची सलवार घोट्याच्या वर गेली. बांगड्या हातात जाईनात. मी मनात म्हणायची, वाढ बाई, वाढ. कुणाची नजर लागू नये म्हून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या.

होळी झाल्यावर धाकलीला फिकीर लागली म्हून तिनं पुन्हा घालून बघायला लावलं. चेन अर्ध्यात अडकली. धाकलीनं ओढली, मी ओढली, पोरीनं श्वास वढून धरला. न्हाई लागली. धाकलीनं पाठीचा फोटो काढला आन् थोरलीला धाडला. तिकडून आवाज आला मोबाईलमधून, आमी सगळ्यांनी ऐकला, नातीनं पण ऐकला: आत्याबाईला म्हणावं लेकराला तूप कमती घाला, दोन महिने हायेत, होईल बारीक. वर हासली.

त्या दिवसापासून पोरगी जेवायची बंद झाली. एकदम न्हाई. आधी भात सोडला. मग म्हणायची शाळेत मैत्रिणीच्या डब्यात खाल्लं. धाकली मला म्हणली, आत्याबाई, लगनापुरतं आहे, होऊ द्या, करवलीचा मान आहे. मी म्हणलं मान कोण खातंय? पण मी पण तवा पोरीच्या मागं लागले न्हाई, म्हणलं खाईल, भुकेला कोण जिंकलं.

एका सकाळी म्हशीला आंबोण घालायला गेले तर टोपल्यात भाकर. ताजी, चतकोर सुदिक मोडलेली न्हाई, कोंड्याखाली दाबून ठेवलेली. ती भाकर मी रात्री मपल्या हातानं थापलेली. मी भाकर झटकून पदरात घेतली. दुपारी पोरगी नळावर पाणी भरता भरता खाली बसली. पडली न्हाई, बसली, भिताडाला डोकं टेकवून. तोंड पांढरं. मी गुळाचा खडा तोंडात घातला आन् भाकर पुढं धरली.

म्हणली, "आजी, एकदा कपडा होऊ दे. मग खाते."

तवा माझ्या डोक्यात तिडीक गेली ती आजून उतरली न्हाई.

मपलं सांगते. मी हिच्याएवढी व्हते तवा मला दोन परकर आन् दोन झंपर. मपल्या मायनं झंपर शिवला की आत दुमड घालायची, कधी कधी तीन तीन. दर पोळ्याला मला उंबऱ्यात उभी करायची, खांद्यावरून हात फिरवायची आन् एक दुमड उसवायची. उसवलेल्या जागचं कापड नवंकोरं निघायचं, बाकीचं धुवून धुवून फिकं. ती नवी पट्टी दिसली की माय शेजारणीला बोलवून दाखवायची. पोरगी वाढली.

मग दुष्काळ पडला. खडी फोडायला जायचो, मी पण जायची मायच्या संगं. सरकारनं वाटलेल्या पिवळ्या मिलो ज्वारीची भाकर, ती पण अर्धी. पोळा आला, बैल न्हाईत पण पोळा आला. मायनं मला उंबऱ्यात उभी केली, खांद्यावरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. दुमड उसवायची गरजच नव्हती. झंपर व्हता तसाच ढिला. पुढच्या पोळ्याला पण तसंच. मायनं सुई परत डबीत ठेवली. पण ती तिथंच उंबऱ्यात बसली, लई येळ. मी तिला रडताना कधी बघितली नव्हती, त्या दिवशी पण रडली न्हाई. बसली निस्ती.

लेकरू वाढंना म्हून एक माय सुई डबीत ठेवून उंबऱ्यात बसली, आन् इथं लेकरू वाढलं म्हून घर नाराज. धान्यानं कोठी भरलेली असताना पोरगी भाकर म्हशीच्या टोपल्यात लपवून राहिली. कोणासाठी? फोटोसाठी.

मी थोरल्या लेकाला फोन लावायला लावला. म्हणलं, नांदेडला मास्तरकडं न्या, दोन बगलंला कळ्या घाला दुसऱ्या कापडाच्या, होतंय. तो म्हणला, माय, तिला इचारतो. थोरलीला इचारलं. ती म्हणली जोड दिसतो. दिसू दे की. जोड दिसला तर काय लगन मोडतंय?

धाकलीला मी त्या दिवशी पहिल्यांदा घालूनपाडून बोलले. तिनं ऐकून घेतलं. रात्री तिनं पोरीला संगं बसवून घास भरवला, पण पोरीनं दोनच घेतले. मनात जे बसलं ते बसलं.

लगनाला लातूरला गेलो. हळदीच्या दिवशी सकाळी खोलीत घागरा-चोळी काढली. एवढी उपाशी राहूनशान चेन चार बोटं कमतीच. हाडं काय भात सोडल्यानं बारीक होतेत? खांदेच रुंद झालेले. थोरलीनं बघितलं, कपडा घडी घालून घेऊन गेली. येताना सोताच्या बहिणीच्या पोरीला घेऊन आली, काडीवाणी पोरगी, तिच्या अंगावर घातलेला. सगळ्या बायकांसमोर म्हणली, हिला बराबर बसलं बगा, हिलाच धरू दे करा.

नात म्हणली, "होऊ द्या काकू. मला काही न्हाई."

ते ऐकून मी उठले. गुडघे धरून उठले, पण उठले. म्हणलं, "कपडा ऱ्हाऊ दे तिच्या अंगावर, तिला शोभतोय, त्या पोरीवर माझा राग न्हाई. करा मपल्या नातीच्या हातात दे. बहीण ही हाय. करा माप बघून धरत न्हाईत."

थोरली म्हणली, रंग येगळा येतो आत्याबाई, सगळ्यांचा एक आन् मधी करवलीचाच येगळा. बायका हळदीकडं बघायला लागल्या. थोरला लेक दारात व्हता, मंडपवाल्यानं बोलवलं म्हून गेला. बोलवलं नव्हतं कोणी.

तर करा त्या दुसऱ्या पोरीनं धरला. असं झालं. कोणाला वाटंल आजीनं कायतरी केलं असंल आन् शेवटी नातीनंच धरला, तर न्हाई.

मी एवढं केलं की मोरपंखी साडी पेटीतून काढलीच न्हाई. मपली जुनी नेसले. नात रोजच्या पंजाबी ड्रेसवर, मी तिच्या बाजूला खुर्चीवर. अक्षता टाकल्या, नवरदेवाला मनापासून आशीर्वाद दिला, त्याचा काय गुन्हा. मग फोटोला बोलवायला एक आलं, दुसरं आलं, शेवटी थोरला लेक सोता आला. म्हणला, माय, चल, लोकं इचारून राहिले.

मी म्हणले, "त्यांना सांग, म्हातारी पोरीला जेवू घालून राहिली."

आन् खरंच पंगतीत बसलो आमी, बाकीच्या वऱ्हाडाच्या आधी. वाढप्याकडून वरणाची बादली मी मपल्याकडं वढून घेतली. नात बसली ताटाकडं बघत. मी काही म्हणले न्हाई. ह्या दोन महिन्यांत तिला सगळ्यांनीच कायबाय म्हणलं व्हतं. मी निस्तं वरण वाढलं. मग तिनं भात कालवला. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग म्हणली, आजी, बुंदी घे ना मागून. मी वाढप्याला हाक मारली ती आख्ख्या मंडपात गेली.

थोरली आजून माझ्याशी नीट बोलत न्हाई. न्हाई तर न्हाई. तिनं भिताडावर मोठा फोटो लावलाय म्हणतेत, सगळ्या मोरपंखी. आमी दोघी त्यात न्हाईत. नात आता दहावीत हाय, माझ्या डोक्याच्या वर गेली. सकाळी दोन भाकरी खाती, कधी अडीच. मी मोजत न्हाई, तीच सांगून राहिली, आन् लिवता लिवता हासून राहिली.

हे वाचणाराला एकच मागणं हाय. तुमच्या घरी वाढतं लेकरू असंल आन् कपडा आधी शिवायचा असंल तर आत कापड सोडायला सांगा. न्हाई सोडलं आन् न्हाई बसला, तर दुसरा कपडा घाला. लेकराला जेवू द्या.