घाईमिस्त्रीनं इंजिन उतरवलं

घाईमिस्त्रीला खऱ्या नावानं हाक मारणारी त्याची आई तेवढी होती. ती गेली आणि ते नावही गेलं. वस्तीत, बाजारात, गाडीवाल्यांत तो घाईमिस्त्रीच होता, आणि हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. जेवायला बसला की शेवटचा घास तोंडात असतानाच उठायचा. चपला पायात नीट शिरायच्या आत चालू लागायचा. गॅरेजात तर त्याचा हात बघत राहावा असा. बाकीचे मिस्त्री गाडीचं इंजिन उतरवायला अख्खा दिवस मागत, कुणी दोन मागत. हा सकाळी बॉनेट उघडायचा आणि दुपारच्या जेवणाआधी इंजिन साखळीला लटकत असायचं. किती वेळ लागेल असं कुणी विचारलं, तर म्हणायचा, "बाजार करून या, तोवर होतंय."

पन्नाशी उलटली आणि या घाईला खीळ बसली. एका सकाळी दाढी करताना हातातला ब्रश खाली पडला. तो उचलायला वाकला तर हात ऐकेना, आणि बायकोला हाक मारायला गेला तर जीभ ऐकेना. दवाखान्यातून घरी आला तेव्हा अंगाची उजवी बाजू लुळी पडली होती. पुढच्या काही महिन्यांत पाय परतला, बोलणं परतलं, जरा अडखळत का होईना. हात मात्र खांद्यापाशी जिवंत आणि कोपराखाली परका. अंगाला होता, पण घरचा नव्हता.

"येईल थोडाफार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रबरी चेंडू दाबत राहा."

तो चेंडू दाबत राहिला. घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज होतं, तिथं कुलूप लागलं होतं. बायको खिडकीशी मशीन टाकून लोकांचे कपडे शिवायची, पूर्वीपासूनच शिवायची, पण आता घर त्याच मशीनवर चाललं होतं. मिस्त्री तिच्या मागे खुर्चीत बसून चेंडू दाबायचा आणि मशीनचा आवाज ऐकायचा. कधी कधी त्याला वाटायचं, चेंडू उचलून भिंतीवर मारावा. पण मारायला हात कुठला?

धाकट्या भावाचं टायरचं दुकान होतं. तो मनानं वाईट नव्हता, व्यवहारी होता. एकदा येऊन बसला आणि चहा पिता पिता हळूच म्हणाला, "दादा, शेड रिकामीच आहे. मी टायर ठेवतो तिथं. भाडं वेळच्या वेळी देईन. तुला निवांत बसून खाता येईल."

"निवांत बसलोच आहे की," मिस्त्री म्हणाला. भावानं त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि सुताराला फळ्यांची मापं सांगून टाकली.

त्याच आठवड्यात गाडीवाल्या ताई आल्या. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या या बाई म्हणजे मिस्त्रीचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची तीन रांगांची लांब, जुनी गाडी दोघातिघांनी ढकलत आणून दारात उभी केली.

"खडखडायला लागली हो, मिस्त्री. आतून कुणी हातोडा मारतंय असं वाटतं. दोन ठिकाणी दाखवली. एक म्हणाला भंगारात घाला, दुसऱ्याला वेळ नाही."

मिस्त्री खुर्चीतून उठला. बॉनेटवर डावा हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "जरा चालू करा." गाडी क्षणभर खडखडली. त्यानं मान हलवून बंद करायला लावली. "आतले बेअरिंग गेलेत. इंजिन उतरवावं लागेल."

"किती वेळ लागेल?"

ओठांवर आलं होतं, बाजार करून या. ते त्यानं गिळलं. "शाळा कधी उघडते?"

"आता तर सुट्टी लागलीय. महिना तरी आहे."

"मग शाळा उघडायच्या आत गाडी तुमच्या दारात."

ताईंनी त्याच्या लोंबत्या हाताकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं. किल्ली पुढं केली.

त्या गेल्यावर खिडकीतलं मशीन थांबलं. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? शर्टाचं बटण लावता येत नाही आणि इंजिन उतरवायला निघालात!"

"बटण केवढंसं असतं. इंजिन निदान दिसतं तरी."

दुसऱ्या दिवशी त्यानं शेडचं कुलूप काढलं. डाव्या हातानं बॅटरीच्या तारा सोडवायला लागला, तर पाना दर वेळी निसटायचा. आयुष्यभर उजव्यानं फिरवलेले बोल्ट डाव्या हाताला उलटे वाटायचे. सैल करायच्या ऐवजी तो दोनदा आवळून बसला. रेडिएटरचं पाणी भांड्यात काढायचं, ते अर्धं त्याच्या पायांवर. बॉनेटचे बोल्ट काढले, पण बॉनेट उचलणार कोण? शेवटी रस्त्यानं जाणाऱ्या एकाला हाक मारली. दिवस मावळला तेव्हा गाडीतून काय काय निघालं होतं? बॅटरी, बॉनेट, दोन नळ्या. पूर्वी एवढ्याला चहासुद्धा थंड होत नसे. त्यानं पाना भिंतीवर फेकला. मग वाकून, शोधून, पुसून जागेवर ठेवला, कारण सकाळी पुन्हा लागणार होता.

दोन दिवस बायकोनं खिडकीतून बघितलं. तिसऱ्या दिवशी गळ्यात टेप तशीच ठेवून शेडमध्ये आली. बोल्ट, नट, वायसर सगळे एका परातीत पडले होते.

"हे परत कुठलं कुठं लावणार?"

"मला कळतं."

तिनं एक बोल्ट उचलला. "सांगा, हा कुठला?"

त्यानं बघितलं. पुन्हा बघितलं. पूर्वी अंधारात चाचपून सांगितलं असतं. आता डोक्यात तिथं नुसतं धुकं होतं. त्याचा चेहरा बघून तिनं बोल्ट परातीत टाकला. घरात गेली, उरलेल्या चिंध्या काढल्या आणि छोट्या छोट्या पिशव्या शिवायला बसली. रेडिएटरच्या बोल्टांना निळी पिशवी, सायलेन्सरच्या बोल्टांना पट्ट्यापट्ट्यांची, गिअरबॉक्सच्या बोल्टांना लाल. पिशव्या घेऊन परत आली तेव्हा म्हणाली, "मी हाताखाली येते. पण आधीच सांगते, ओरडायचं नाही. आणि लवकर, लवकर म्हणायचं नाही. लग्न झाल्यापासून ऐकतेय ते."

"आणि म्हणालो तर?"

"तर मी शिवणाला बसेन, तुम्ही बसा इंजिनाशी गप्पा मारत."

तो हसला. दुखण्यानंतर त्याचं हसणं एका बाजूनंच उमटायचं, पण उमटलं.

त्या दिवसापासून काम जरा पुढं सरकायला लागलं. तो सांगायचा, ती करायची. जिथं जोर लागायचा तिथं तो डावा हात लावायचा, ती पाना धरून ठेवायची. तारांची जोडणी सोडवताना तिनं सुटलेल्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधला, दर जोडीला वेगळा रंग. मिस्त्रीला हे सगळं पोरखेळ वाटत होतं, पण बोलायची सोय नव्हती. एकदा चुकून "अगं, लवकर..." एवढं तोंडातून निघालं. तिनं नुसतं वळून बघितलं. "लवकर जेवून घेऊ म्हणत होतो," तो म्हणाला.

घोडं अडलं ते गिअरबॉक्सपाशी. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा सगळ्यात वरचा बोल्ट मागच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असतो. हात घालून नुसत्या स्पर्शानं शोधावा लागतो. मिस्त्रीचा डावा हात तिथं वळेना. उजवा शिरला असता, पण त्या हाताला काही कळत नव्हतं. बायकोनं बाही वर सरकवली आणि आपला हात आत घातला. सुई-दोऱ्याची सवय असलेली बोटं होती. जरा वेळानं ती म्हणाली, "लागला. पण ढिम्म हलत नाही."

पान्याला लांब पाइप जोडला, म्हणजे जोर वाढतो. मिस्त्रीनं डाव्या हातानं पाइप ओढला. पाना निसटला आणि तो मागच्या मागे जमिनीवर आदळला. नेमका तेव्हाच भाऊ दारात. फळ्यांची मापं पुन्हा घ्यायला आला होता.

"दादा! अरे, जीव प्यारा आहे की नाही? वहिनी, तुम्ही तरी समजवा त्याला. मी उद्या माझी माणसं आणतो, ती काढतील."

मिस्त्री उठून बसला. कोपर सोललं होतं. त्याची जीभ रागात जास्त अडखळायची, म्हणून तो सावकाश बोलला. "तुझी माणसं काढतील. मग मी काय करू? मोजू, कुणी किती काढलं ते? हे इंजिन मी काढणार. नाही निघालं तर शेड तुझी, परत तोंड वर करून बोलणार नाही. पण आज फळ्या आणू नकोस."

भावानं वहिनीकडं बघितलं तर ती कात्रीनं जाड कापडाची पट्टी कापत होती.

"हाताची बोटं धरत नाहीत ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "पण खांद्यात तर जोर आहे." तिनं त्याचा उजवा हात पाइपावर ठेवला आणि पट्टीनं मनगटापासून बोटांपर्यंत घट्ट बांधून टाकला. स्वतः आत हात घालून पाना बोल्टावर दाबून धरला. "आता सगळ्या अंगानं ओढा. सावकाश."

त्यानं पाय रोवले आणि मागे रेलला. काहीच होईना. मग आतून कडकन आवाज आला आणि पाइप त्याच्याबरोबर वीतभर खाली आला.

"तुटला की काय?" भावानं विचारलं.

बायकोनं आत चाचपलं. "फिरला," ती म्हणाली. मिस्त्री बांधलेल्या हाताकडंच बघत उभा होता. त्या हातानं काम केलं होतं. त्याला स्वतःला कळलं नव्हतं, पण केलं होतं.

दुसऱ्या दिवशी खालचे बोल्ट निघाले, गिअरबॉक्सखाली लाकडाचे ठोकळे सरकवले, आणि इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन सोडवलं. शेडच्या लोखंडी तुळईला जड वजन उचलायची चेनपुली होतीच. साखळी इंजिनाला अडकवून मिस्त्री डाव्या हातानं ओढायला लागला. कडी कडी वर चढत होती. इंजिन हललं, डोललं, जागेवरून सुटलं. इतक्या दिवसांनी ते दृश्य बघून त्याच्या अंगात जुना वारा भरला आणि साखळी भराभर ओढली जाऊ लागली.

"थांबा!" बायको ओरडली.

पूर्वीचा घाईमिस्त्री थांबला नसता. हा थांबला. इंजिनाच्या मागून एक जाड तार ताणून वाद्याच्या तारेसारखी झाली होती. अर्थिंगची तार, गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. ती सोडवायची राहूनच गेली होती. आणखी दोन कड्या ओढल्या असत्या तर तार तुटली असती, नाहीतर इंजिन हेलकावा घेऊन बायकोच्याच अंगावर आलं असतं. मिस्त्रीनं साखळी खाली सोडली आणि तो एका उरलेल्या ठोकळ्यावर बसला.

"माझ्या ध्यानातच नाही आलं," तो म्हणाला.

"माझ्या आलं ना," ती म्हणाली. "चला, उठा."

तार सुटली, इंजिन वर आलं, गाडी मागे ढकलली, आणि इंजिन लाकडी चौकटीवर अलगद टेकलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकोनं काळे झालेले हात पुसले आणि म्हणाली, "भूक लागलीय."

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. नवे बेअरिंग एकदा चुकीच्या मापाचे आले. इंजिनाचे भाग घासून देणाऱ्या लेथवाल्यानं वायदा मोडला. इंजिन परत बसवताना पिशव्यांनी मात्र दगा दिला नाही. एकही बोल्ट उरला नाही की कमी पडला नाही, आणि मिस्त्रीच्या आयुष्यात असं पहिल्यांदा घडलं, हे त्यानं स्वतःहून कबूल केलं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ताईंनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, बंद पडली. दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा धरली आणि धरूनच राहिली. ताई इंजिनाचा आवाज ऐकत बसल्या होत्या. मिस्त्री बाहेर उभा राहून तेच करत होता.

हात पुरता परतला नाहीच. बोटं जरा वळतात, पाना मात्र धरत नाहीत. अवघड बोल्ट आला की बायको पट्टी बांधून देते. लोक तिला आता मिस्त्रीणबाई म्हणतात, आणि ती सकाळी शिवण, दुपारी गॅरेज असं करते. ज्याला आजच्या आज गाडी हवी त्याला मिस्त्री सरळ दुसऱ्या गॅरेजचा पत्ता सांगतो. तरी गाड्या येतात.

शेडच्या मागच्या भागात भावाचे टायर लागले. मिस्त्रीनंच बोलावून जागा दिली, कारण एका वेळी एकच गाडी उघडत असल्यानं तेवढी आता लागत नव्हती. एका दुपारी भाऊ टायर न्यायला आला आणि घुटमळत उभा राहिला.

"काय रे?"

"दादा, माझा टेम्पो धूर टाकतोय. इंजिन उतरवावं लागेल म्हणतात."

मिस्त्रीनं बायकोकडं बघितलं. ती एका गाडीखाली पाय बाहेर काढून पडली होती. तिथूनच म्हणाली, "आधी दोन गाड्या आहेत, भावोजी. पुढच्या आठवड्यात आणा."