धंदा अजून सुरू न्हाई

माझ्या मामेसासऱ्यांइतका खर्चिक आणि त्यांच्याइतका सावकाश उद्योजक अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर कसबा बावड्यात त्यांनी चटणीचं कांडप घातलं. गाळा भाड्यानं घेतला, यंत्र बसवलं, एक गडी पगारावर ठेवला. पाटीवरची मिरची पुन्हा पुन्हा रंगवून घेतली, कारण "ही ढब्बू दिसतीया, नुसतं बघूनच ठसका लागाय पायजे." यंत्र बसवणाऱ्या मिस्त्रीला तांबडा-पांढरा रस्सा पोटभर खाऊ घातला आणि त्याचं बिल माझ्यापुढे ठेवलं. "जावईबापू, ह्येबी धंद्याच्या खर्चात धरा. उपाशी माणसानं बसवलेलं यंत्र नीट चालतंय व्हय?" मी कर सल्लागार, आणि जावई असल्यामुळे फुकटातला.

सगळं झालं, फक्त धंदा सुरू होईना. म्हणजे कांडप माघापासून दिवसभर धडधडत होतं. गल्लीतल्या बायका मिरच्या, खोबरं, लसूण घेऊन बसत. मामा त्यांना चहा पाजत, चटणी कांडून देत आणि पैसे पुढे आले की हात मागे घेत. "ऱ्हाऊ द्या वैनी, ही चाचणी हाय. धंदा अजून सुरू न्हाई."

मी कपाळाला हात लावला. धंदा उभा राहण्याआधीचा असला खर्च कमाईतून सहसा वजा धरता येत नाही, तो अंगावर पडतो. एकदा धंदा उभा राहिला की मग भाडं, वीज, पगार सगळं धरता येतं.

"मामा, मार्च संपायच्या आत एक तरी पावती फाडा," मी विनवलं. "मी कागदोपत्री धंदा सुरू आहे म्हणेन, पण उद्या साहेब आला आणि त्यालाही चहा पाजून तुम्ही 'सुरू न्हाई' म्हणालात तर?"

"म्हणणारच की! आक्कानं पहिली मिरची घातल्याबिगर कसला धंदा?"

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, माझ्या बायकोची मावशी, हातकणंगल्याला दिलेली. आई गेल्यावर तिनंच मामांना वाढवलं, उखळात चटणी कुटायला शिकवलं. आणि या गृहस्थानं मुलाच्या लग्नाची पत्रिका तिला पोस्टानं धाडली! गडबडीत असेल, पण धाडली. आमच्याकडे बहिणीच्या दारात भावानं स्वतः हळद-कुंकू घेऊन जायचं असतं. आक्का लग्नाला आली नाही आणि तेव्हापासून बोलणं बंद. भर चौकात कुणाशीही भांडणारे मामा आक्काच्या बंद दाराला मात्र भीत. ती आली नाही तर हा माणूस जन्मभर चाचणीच घेत बसेल, हे मला कळून चुकलं.

शेवटी मीच त्यांना स्कूटरवर घालून हातकणंगल्याला नेलं. माफी वगैरे काही नाही. दारात उभं राहून, खाली बघत म्हणाले, "आक्का, ह्ये जावईबापू म्हणत्यात, मार्चच्या आत तू न्हाई आलीस तर सरकार माझा खर्च धरणार न्हाई."

असं कलम कुठल्याच कायद्यात नाही. आक्कानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग सरकारसाठी येतो. तुझ्यासाठी न्हाई. पण पाडव्याला. असल्या कामाला चांगला दिस लागतोय."

त्या वर्षी पाडवा एप्रिलात होता. मी तोंड उघडणार, तोच मामांनी माझा हात दाबला.

पाडव्याला आक्का घरच्या मिरच्यांची पिशवी घेऊन आली. पहिली ओंजळ तिनं घातली आणि कनवटीचं नाणं काढलं. "धर बाळ्या. फुकट कांडायचं न्हाई." मामांनी नाणं कपाळाला लावलं आणि सगळ्या गल्लीदेखत ढसाढसा रडले. मिरचीच्या खकाण्यावर ढकलायचीही सोय नव्हती, त्या दिवशी यंत्र अजून चालूच केलं नव्हतं.

जुन्या वर्षाचं भाडं, पगार, वीजबिल सगळं अंगावर पडलं. मी हळहळत राहिलो. "मरू दे की," मामा म्हणाले, "आक्का आली न्हवं!"

आता दोघंही नाहीत. मला मामांची फार आठवण येते. कांडप त्यांची सून चालवते आणि पैसे चोख घेते. दर पाडव्याला पहिली ओंजळ घालायचा मान आक्कामागं माझ्या बायकोकडे आलाय. घरात फोन आहे, पण बोलवायला सूनबाई हळद-कुंकू घेऊन स्वतः आमच्या दारात येते.