मामाच्या हातात बॅटन

सेमेसा दहा वर्षांचा असताना त्याच्या आजोबांना म्हातारपणी मुलगा झाला. बाळाला चटईवर आणून ठेवलं आणि घरातल्या बायकांनी सेमेसाला सांगितलं, हा तुझा मामा. झालं. उभा असलेला सेमेसा मुकाट्यानं खाली बसला. फिजीतल्या कान्दावू बेटावरच्या त्या गावात मामासमोर कुणी उभं राहत नसे, मग तो मामा दुपटं ओलं करणारा का असेना. मामाशी थेट बोलायचं नाही, त्याच्या डोक्यावरून हात न्यायचा नाही, त्याच्या हाताला हात लावून काही द्यायचं नाही. द्यायचं ते समोर ठेवायचं, मागं सरायचं आणि ओंजळीनं टाळ्या वाजवायच्या. बाळाचं नाव आपोरोसा ठेवलं. पुढची वीस वर्षं मामा-भाच्यानं हे सगळं इमानानं पाळलं आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते राजधानीत, सुव्याला, तेही एका लाकडाच्या दांडक्यामुळे.

सेमेसा सुव्याच्या धक्क्यावर खोबऱ्याच्या गोणी वाहत असे. पळणं हा त्याचा नाद होता. दरवर्षी ईस्टरला मैदानावर शर्यती व्हायच्या, तो अनवाणी उतरायचा आणि जिंकायचा. पण हरवायचा कुणाला? तर त्याच त्या दहा माणसांना. त्यांच्या बायकामुलांची नावंसुद्धा त्याला पाठ होती. आपण खरंच वेगवान आहोत की हे दहा जण मंद आहेत, हे त्याला कधी कळलंच नव्हतं आणि हा सल त्याला आतून खात असे. अशात बातमी आली की सगळ्या बेटांचे मिळून पहिले खेळ सुव्यालाच होणार. टोंगा, सामोआ, पापुआ, कुठून कुठून पळणारे येणार. सेमेसा तेव्हा एकतिसाचा होता. पुढचे खेळ होतील तोवर आपले गुडघे कुरकुरू लागलेले असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चार जणांच्या रिले शर्यतीत त्याची निवड झाली, तेव्हा बायकोला, उनाइसीला, तो म्हणाला, "ज्यांची नावंही मला घेता येणार नाहीत अशा माणसांबरोबर एकदा पळायचंय. बस्स."

संघ लागला तेव्हा पहिला टप्पा त्याच्या मेव्हण्याला, फिलिमोनीला, मिळाला. दुसरा सेमेसाला. आणि तिसरा, वळणाचा, आपोरोसाला. आपोरोसा आता तारखात्यात कामाला होता आणि वळणावर वाऱ्यासारखा पळायचा. म्हणजे सेमेसानं बॅटन द्यायचं ते नेमकं मामाच्या हातात.

पहिल्याच सरावात ते गवतावर पडलं. दुसऱ्यांदा पडलं. तिसऱ्यांदा सेमेसा इतका मंदावला की आपोरोसा वळणाच्या अर्ध्यावर एकटाच पोचला, रिकाम्या हातानं. सगळे संघ देताना ओरडतात, हात कर! मामाला हात कर म्हणून हुकूम सोडायचा? सेमेसाला ते कसं जमावं? तो गुपचूप मागून यायचा, आपोरोसाला तो आलेला कळायचा नाही, आणि सेमेसाची बोटं आपोरोसाच्या तळव्याच्या वीतभर अलीकडेच उघडायची.

फिलिमोनीला तर आयती पर्वणीच मिळाली. मेव्हण्यानं मेव्हण्याची खोडी काढायची हा तर तिथला हक्कच. "दाजी, असं करा," तो म्हणाला, "बॅटन गवतावर ठेवा, बसून टाळ्या वाजवा, मामांनी ते सावकाश उचलावं. तोवर टोंगावाले आंघोळ करून घरी गेलेले असतील."

शिकवणारा सार्जंट कितिओने हा रेवाचा, म्हणजे फिजीतलाच माणूस होता, त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. आपण आजवर सासऱ्याच्या हातात कप दिलेला नाही, असं त्यानं स्वतःच सांगितलं. त्यानं क्रमही बदलून पाहिला. पण फिलिमोनीला सुरुवात सोडली तर दुसरं काही जमत नसे, सेमेसाला वळण जमत नसे, आणि गाडं फिरून तिथंच यायचं. शेवटी सार्जंटनं सेमेसाला बाजूला घेतलं. "तुझ्या अदबीबद्दल मला आदर आहे. पण सोमवारी पुन्हा पडलं तर तुझ्या जागी पोलिसातला तो राखीव पोरगा पळेल. तो तुझ्याहून हळू आहे, पण त्याला मामा नाही."

सेमेसा हात बांधून बसणारा नव्हता. ज्याचं मानाचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळांची जुडी त्यानं रीतीप्रमाणे घेतली आणि मामाच्या खोलीवर गेला. बोलायला फिलिमोनी बरोबर होताच. एरवी वात्रट, पण तिथं तो देवळातल्यासारखा गंभीर झाला आणि त्यानं विनंती मांडली, खेळ संपेपर्यंत भाच्याच्या हाताला मोकळीक असावी. आपोरोसानं मान खाली घालून जुडीला हात लावला. मोकळीक मिळाली. बिचाऱ्या आपोरोसाला स्वतःलाच लाज वाटत होती. आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाचा मामा होणं त्यानं थोडंच मागून घेतलं होतं?

दुसऱ्या दिवशी बॅटन पुन्हा पडलं. मोकळीक सेमेसाला मिळाली होती, त्याच्या बोटांना कुणी कळवलं नव्हतं.

त्यानं मग बोटांना वठणीवर आणायचं ठरवलं. धक्क्यावर गोणी उतरवून परतताना तो खांबाच्या खाचेत काठी मारत पळायचा. घरी उनाइसीला पाठमोरी उभी करून पळी द्यायचा. हमाल हसायचे, त्याला पर्वा नव्हती. खांबापाशी जमत होतं, बायकोपाशी जमत होतं. पण ते काही मामा नव्हते.

रविवारी चर्चनंतर उनाइसीनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. आपोरोसा मानाच्या जागी, चटईच्या वरच्या टोकाला बसला होता. सेमेसा नारळाच्या दुधातल्या माशांचं गरम पातेलं घेऊन त्याच्या मागून निघाला. वडीलधाऱ्याच्या मागून जाताना म्हणायचा शब्द आपसूक त्याच्या तोंडून गेला, "तुलोऊ." जाऊ द्या, राग नसावा. आपोरोसानं वळूनही पाहिलं नाही. नुसता हात मागं केला आणि वाटेतली टोपली अचूक बाजूला सारली.

सेमेसा पातेलं धरून तिथंच उभा राहिला.

"रस्सा निवतोय," उनाइसी म्हणाली. "मामांना वाढताय की नुसता वास देताय?"

सेमेसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. वीस वर्षं तो हा शब्द म्हणत होता आणि कळता झाल्यापासून मामा न बघता वाट करून देत होता. जे मैदानावर जमत नव्हतं ते घरात रोज चाललं होतं. जेवण झाल्यावर त्यानं फिलिमोनीला सांगितलं आणि फिलिमोनीनं ते आपोरोसाच्या कानावर घातलं, अर्थात आधी पोट धरून हसून झाल्यावर. शर्यतीत माफी मागत पळणारा माणूस अजून कुणी पाहिला नसेल, असं त्याचं म्हणणं पडलं.

सोमवारी बॅटन पडलं नाही. सार्जंटनं तो शब्द ऐकला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि पोलिसातल्या पोराला घरी पाठवलं.

शर्यतीच्या दिवशी मैदान नारळाच्या झाडांपर्यंत माणसांनी भरलं होतं. फिलिमोनीनं बॅटन दिलं आणि सेमेसा सुटला. दोन्ही बाजूंना अनोळखी पावलांचा धप्धप् आवाज येत होता, पण त्यानं ना डावीकडे पाहिलं ना उजवीकडे. समोर पळू लागलेल्या आपोरोसाची पाठ होती. बाकीच्या पट्ट्यांतून निरनिराळ्या भाषांत हुकूम सुटले, आणि त्यात एक आवाज निघाला, मोठा, स्वच्छ, "तुलोऊ!" प्रेक्षकांतले सगळे फिजीवाले खदखदून हसले. आपोरोसाचा हात मागं आला. सेमेसाची बोटं त्याच्या तळव्याला टेकली, पुरती टेकली, आणि बॅटन गेलं.

आणि मग, शब्द एकदा तोंडून गेल्यावर पुढचं अंगवळणी पडलेलं चुकायचं कसं? वेग ओसरला तसा सेमेसा आपल्याच पट्ट्यात गवतावर मांडी घालून बसला आणि ओंजळीनं टाळ्या वाजवू लागला. पंच धावत आला. तोवर शर्यत संपली होती. सेमेसानं शेवट पाहिलाच नाही. शेवटच्या टप्प्यात आपल्या संघाला एकानं मागं टाकलं, पण पदक मिळालं, हे त्याला आरोळ्यांवरून समजलं. त्याला हवं होतं ते मात्र समजलं नव्हतं. आपण त्या माणसांच्या पुढे होतो की मागे? मान न वळवता पळलेल्याला हे कोण सांगणार?

मैदान ओलांडून आपोरोसा येताना दिसला. सेमेसा तसाच बसून राहिला, नजर खाली. आपोरोसा त्याच्यासमोर थांबला आणि मामांनी कधी करू नये ते त्यानं केलं. तो भाच्यासमोर गवतावर, त्याच्याच पातळीवर बसला. जन्मात पहिल्यांदा, मधे कुणी न घालता, तो सेमेसाशी बोलला.

"सेमेसा, मी सुटेपर्यंत मागं बघत उभा होतो. तू येताना सगळे मला दिसत होते. तुझ्यापुढं कुणी नव्हतं."

उत्तराची सेमेसाला एकच रीत ठाऊक होती. त्यानं पुन्हा ओंजळ जुळवली, पण डोळे भरून आले आणि टाळी काही वाजली नाही. खेळ संपले तशी मोकळीकही संपली. त्यानंतर दोघं जन्मभर एकमेकांशी थेट बोलले नाहीत. पण धक्क्यावर कुणी विचारलं की तू खरंच किती जोरात पळायचास, तर सेमेसा शांतपणे सांगायचा, "मामांना विचारा. त्यांनी पाहिलंय."