माशीताई आणि पाठीवरची खाच

संग्रहालयात सगळे त्यांना माशीताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. काम परजीवी गांधीलमाश्या ओळखण्याचं. माशी तिळाहून लहान, दुसऱ्याच्या अळीत अंडी घालून मोकळी होणारी. तिची जात, म्हणजे प्रजाती, ठरवायची पंखांच्या शिरा, मिशांचे सांधे आणि कंबर बघून. सासूबाईंचं मात्र एकच म्हणणं, "एवढं शिकून माश्या मारत बसते!"

यंदा स्पिरिटच्या बाटलीतून काढून, वाळवून पुठ्ठ्याच्या टोकाला चिकटवलेल्या एका माशीच्या पाठीवर ताईंना खाच दिसली. अशी खाच कुठल्याच प्रजातीला नव्हती. ताई हवेत! घरी येऊन त्या भरात बोलून बसल्या, "आई, या नव्या प्रजातीला मी तुमचं नाव देणार."

सासूबाईंचा नूरच पालटला. इतकी वर्षं दोघींचं बोलणं कामापुरतं. आता ताईंना आयता चहा हातात मिळू लागला. जिन्यात, दुकानात, बसमध्ये, सासूबाईंनी ही बातमी सांगितल्याशिवाय कुणाला म्हणून सोडलं नाही.

लेख पाठवण्याआधी ताईंनी खात्रीसाठी त्याच बाटलीतली तशीच दुसरी माशी ओलीच भिंगाखाली घेतली. पाठ गुळगुळीत. मग तीच वाळवली, तर पाठ आत गेली. खाच कसली, वाळताना आक्रसलेलं कातडं ते! शिरा, सांधे, कंबर, सगळं जुन्याच प्रजातीचं. असा घोळ नवशिक्यानं करावा.

गप्प बसून लेख धाडावा, असंही क्षणभर मनात आलं, खोटं कशाला सांगा. प्रजाती गेल्याचं वाईट वाटलंच, पण घरात पुन्हा ते जुनं तुटक बोलणं सुरू होईल, याची भीती त्याहून मोठी होती.

संध्याकाळी चपला काढायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "मला दाखव."

दुसऱ्या दिवशी धापा टाकत त्या संग्रहालयाचे जिने चढल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या.

"ही सुरकुती होय?"

"हो, आई."

"आणि सुकायच्या आधी नव्हती?"

"नव्हती. पाठ अगदी तुकतुकीत होती."

"अगं, मग माझंच नाव शोभलं असतं की हिला!" सासूबाई सुनेसमोर पहिल्यांदाच खदखदून हसल्या. ताईंचे डोळे भरून आले. सासूबाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"आता दुसरी लाव."