सोमवारचं तीर्थ आणि काळी गाडी

काळी-पिवळी जीप चालवणाऱ्याला स्वतःची सीट नसते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. केज-धारूर-माजलगाव रस्त्यावर पुढच्या बाकावर ड्रायव्हर धरून पाच जण बसतात. त्यात ड्रायव्हर अर्धाच बसतो. त्याचा उजवा कुल्ला दाराबाहेर, वाऱ्यावर. उत्तरेश्वरमामांनी अशी अकरा वर्षं काढली. त्यामुळे ते सपाट रस्त्यावरही धारूरचा घाट उतरत असल्यासारखे एका बाजूला कलून चालायचे. मी एकदा म्हणालो, "मामा, तुम्हाला समोरून येताना बघितलं की वाटतं, वळण आलं."

"तू बूथमधी बसून बसून दोन्हीकडून सपाट झालास, त्याचं बघ," ते म्हणाले.

माझा एसटीडी बूथ राजेश्वरआप्पांच्या घरासमोर. बी. ए. झाल्यावर काय करायचं या प्रश्नाला त्या काळात एसटीडी बूथ हे उत्तर असायचं. आप्पा मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडत व्यापारी. पंच्याण्णवच्या दसऱ्याला त्यांनी काळी एस्टीम घेतली. सगळ्या माजलगावनं त्यांना पांढरी घ्या म्हणून सांगितलं होतं. आप्पा म्हणाले, "पांढऱ्या गाड्या पुढाऱ्यांच्या अन् दवाखान्याच्या. आपुन दोन्हीतले न्हाई."

गाडीसाठी त्यांनी मामांना बोलावलं. मामांनी पगार विचारला नाही. आत बसले, दोन्ही कुल्ले टेकवले, दार ओढलं. ते पूर्ण लागलं. मामांनी ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावून बघितलं.

"लागतंय की," ते म्हणाले.

त्यापुढं त्यांच्या आयुष्यात ती सीट टिकवणं एवढंच काम होतं. माणसानं आयुष्याकडून काय मागावं याची पुस्तकं मी वाचलेली आहेत. एक अख्खी सीट मागणारा माणूस त्यात कुठं भेटला नाही.

पहिला हिवाळा-उन्हाळा गाडी आरशासारखी राहिली. आप्पांच्या आई साखराबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, जाता-येता गाडीच्या दारात बघून पदर नीट करायच्या. मग पावसाळा आला आणि काळ्या रंगाचं खरं रूप कळलं. आमच्याकडचा पाऊस काही नीट येत नाही. पाच मिनिटं येतो, अंगणातली धूळ उडवतो, आणि लगेच ऊन पडतं. थेंब गाडीवर वाळतात आणि जिथं थेंब होता तिथं पांढरी चकती राहते. ती घालवायला मामांनी बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली. चकत्या दुप्पट झाल्या. मग साबण लावून धुतली. त्या तशाच, फक्त स्वच्छ दिसायला लागल्या.

श्रावणात पंचमीला आप्पांची लेक रुचिका हिला आणायला गाडी लातूरला गेली. तिच्या सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून बोट फिरवलं आणि मोठ्या मायेनं विचारलं, "कितव्या हाताची हाय?"

गाडी परत निघाली. रुचिका मागं झोपलेली. अंबाजोगाई मागं पडल्यावर आप्पा म्हणाले, "उत्तरेश्वर, गाडीला देवी आल्यात का बे?"

"पाण्याचे डाग हायेत, आप्पा. पुसून बी जात न्हाईत."

"पुढच्या पंचमीला एक जरी दिसला तर किल्ली ठेवायची अन् जीपवर जायचं."

मामांनी हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना ते माझ्या स्टुलावर पूर्ण बसले होते आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं.

मग त्यांनी अभ्यास सुरू केला. माझ्या बूथवर 'लाईन बंद आहे' असं लिहायची दगडी पाटी होती. ती बहुतेक दिवस कामात असायची. मामांनी ती पुसली. डाव्या बाजूला बोअरच्या पाण्याचे चार थेंब सोडले, उजव्या बाजूला पावसाचे चार, आणि पाटी उन्हात ठेवली. अर्ध्या तासानं डावीकडं चार पांढऱ्या चकत्या. उजवीकडं काहीच नाही.

"मामा, पास झालात," मी म्हणालो.

"बोअर खारं हाय. चारशे फुटावरनं दगड चाटून वर येतंय," ते म्हणाले. "पावसाचं पाणी तसं गुणी. खाली येताना धूळ चाटतंय तेवढंच. एकदा धूळ खाली बसली की त्याच्यासारखं पाणी न्हाई."

पुढच्या वर्षी, सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात, मामांची शिस्त गल्लीनं बघितली. मोंढ्यातल्या आप्पांच्या गोदामाच्या पन्हळीखाली त्यांनी दोन टिपाडं लावली. पाऊस आला की पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचे, मग टिपाडं भरायची. गाडी धुवायची ती फक्त त्या पाण्यानं, तीही सावलीत. रस्त्यात पाऊस लागला आणि थांबला, की गाडी बाजूला घेऊन, ऊन पडायच्या आत धोतराच्या जुन्या फडक्यानं सगळी कोरडी करायची. आप्पा आत बसलेले असले तरी. मिटलेली छत्री घेऊन उभा असलेला मालक आणि टपावर झोपून गाडी पुसणारा ड्रायव्हर, हे दृश्य पात्रुड फाट्यावर लोकांनी पुष्कळदा बघितलं.

औरंगाबादहून त्यांनी पॉलिशचा डबा मागवला. डब्यावरचं इंग्रजी मी वाचून दाखवलं. पॉलिश लावल्यावर पाण्याचे मोती झाले आणि मोती घरंगळून खाली जायला लागले. मामा खूश. पण जे मोती घरंगळत नाहीत ते जास्त गोल, जास्त ठळक डाग ठेवून वाळतात, हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजी शेवटी पुसायचंच," मामा म्हणाले. "कायबी लाव. वाळायच्या आत पुसायचं. येवढंच हाय ते शास्त्र."

आणि इथं सोमवार आडवा आला.

आप्पांच्या अंगणात शंकराची पिंड आहे. दर सोमवारी अक्का अभिषेक करायच्या आणि पिंडीवरून ओघळलेलं पाणी तांब्यात घेऊन दारात यायच्या. परळीहून आणलेलं भस्म ओलं करून तीन बोटांनी बॉनेटवर तीन पट्टे ओढायच्या आणि तांब्यातलं पाणी सगळ्या गाडीवर शिंपडायच्या. पाणी बोअरचं. पहिल्या वर्षीचे अर्धे डाग पावसाचे नव्हतेच, सोमवारचे होते, हे मामांना पाटीनं शिकवलं. त्यांनी जूनच्या एका सोमवारी फडकं काढलं आणि बॉनेटला हात लावला.

"काय करायलास?" अक्का म्हणाल्या.

"पुसतो, अक्का. डाग पडतेत."

"तीर्थ हाय ते. तीर्थ पुसायचं नसतं. वाळू द्यायचं."

"वाळलं की डाग ऱ्हातोय."

"ऱ्हाऊ दे की. देवाची खूण हाय. तुला कावून तरास?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी फोनची वायर तपासत होतो.

आप्पांना सांगून उपयोग नव्हता. आप्पांनी काळ्या गाडीच्या बाबतीत गावाचं ऐकलं नव्हतं, पण आईच्या पुढं ते आवाज चढवत नसत. लातूरचे व्याही एकीकडं आणि अक्कांचा तांब्या दुसरीकडं, आणि मधल्या जागेत मामांची सीट. मग पुढच्या सोमवारी पहाटे अंघोळ करून, ओलं धोतर नेसून, ते अक्कांच्या दारात उभे राहिले.

"अक्का, तुमचे गुडघे दुखतेत. अभिषेकाची घागर आजपून मी भरून आणतो."

अक्कांना बरं वाटलं. त्यांनी गल्लीत सांगितलं की उत्तरेश्वरला देवाचं लागलंय. मी मामांना एकट्याला गाठून विचारलं, "मामा, हे वेड कधीपासून?"

"बोअरवर जात न्हाई मी," ते हळू आवाजात म्हणाले. "मोंढ्यात जातो. टिपाडातली भरतो."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. टिपाड गोदामाच्या पत्र्याखाली आणि पत्र्यावर कबुतरं. मोंढ्यात धान्य सांडतं, त्यामुळं कबुतरांना तिथं कशाची कमी नाही, आणि कबूतर खातं तसं बाकीचंही करतं.

"फडक्यातून गाळून घेतो दोनदा," मामा म्हणाले.

"गाडीच्या फडक्यातून?"

"न्हाई बे. येगळं हाय."

तीर्थ पावसाच्या पाण्याचं झाल्यावर शिंपडलेले थेंब खूण न ठेवता वाळायला लागले. भस्माचे पट्टे, अक्का आत गेल्या आणि वाळले की, मामा फुंकरीनं उडवायचे, हात न लावता, म्हणजे पुसलं असं कुणी म्हणायला नको. जुलै संपेपर्यंत गाडी पुन्हा आरसा झाली. पण दुसरंही एक झालं, जे मामांच्या हिशेबात नव्हतं. अंगणातल्या पिंडीवर वर्षानुवर्षांच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होता. गोड्या पाण्यानं आणि अक्कांच्या घासण्यानं तो सुटत गेला आणि आतला काळा दगड दिसायला लागला. लखलखीत.

अक्कांनी शेजारणींना बोलावून दाखवलं. "माझ्या सोळा सोमवारांचं फळ," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मामा गाडीमागं उभे होते. ते खाली बघत होते.

त्या साली श्रावण सोमवारीच लागला. पंचमी चार दिवसांवर, शुक्रवारी. पहिला श्रावणी सोमवार म्हणून अंगणात दहा-बारा बायका. मामांनी घागर आणून ठेवली. अक्का तांब्यानं पाणी घालत होत्या आणि शेवटच्या तांब्याबरोबर पिंडीवर एक करडं, बोटाएवढं पीस येऊन चिकटलं.

अक्कांनी ते उचललं, उजेडात धरलं.

"उत्तरेश्वर. बोअरमधी कबूतर कवापून ऱ्हायलं?"

इथं मामांना खोटं बोलता आलं असतं. पीस वाऱ्यानं आलं म्हणायचं, सगळ्या बायकांनी मान डोलावली असती. मी मनात तेच वाक्य त्यांच्या तोंडात घालत होतो. पण दोन महिने देवाला अंघोळ घातलेला माणूस कुठंतरी खरंच भिजलेला असतो.

"बोअरचं न्हाई, अक्का. पावसाचं हाय."

"कुठलं?"

"गोदामाच्या पत्र्याचं."

"कवापून?"

"ज्येष्ठापून."

अक्का खाली बसल्या. मला वाटलं रागावतील. त्या पिंडीकडं बघत राहिल्या. ज्या काळ्या लखलखीत दगडाकडं बघून त्यांना दोन महिने झोप चांगली लागत होती, त्याच दगडाकडं. मग म्हणाल्या, "मला म्हाताऱ्या माणसाला फसवलंस ते जाऊ दे. त्याला कबुतराच्या घाणीचं पाणी घातलंस."

आप्पा बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं. पिंडीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. दोन्ही सारख्याच चमकत होत्या. आप्पा धान्य हातात घेऊन ओल सांगणारे, त्यांना यातलं कळलं नाही असं नाही.

"किल्ली ठेव," ते म्हणाले.

"आप्पा, शुक्रवारी पंचमी हाय. गाडी बगा. एक डाग दाखवा."

"डागाचं न्हाई बोलत मी."

"आपलं बोलणं डागाचंच झालतं."

मामांनी किल्ली पायरीवर ठेवली, पण गेले नाहीत. कारण तेवढ्यात शुद्धीकरण सुरू झालं. पिंडीला बोअरच्या पाण्याच्या अकरा घागरी. आणि जे तीर्थ म्हणून पिंडीवरून गाडीवर गेलं तेही विटाळलेलं, म्हणून गाडीलाही अकरा. गोमूत्र टाकून, बारा वाजता, भर उन्हात. त्या दिवशी ढग म्हणून औषधालाही नव्हता.

मामा माझ्या बूथच्या पायरीवर उभे राहून बघत होते. खांद्यावर धोतराचं फडकं होतं. पाणी बॉनेटवरून ओघळलं, मग त्याचे मोती झाले. पॉलिश मामांनीच शनिवारी नवं लावलं होतं. शेकडो मोती. ते घरंगळले नाहीत.

"आता पुसलं तर व्हईल," मामा म्हणाले. मला नाही, असंच.

थोड्या वेळानं म्हणाले, "आता बी व्हईल."

बॉनेट तापलं होतं, मोती कडेनं आत आटत होते आणि प्रत्येकाच्या जागी एक चकती उमटत होती. सगळे वाळेपर्यंत ते उभे होते. शेवटी फडक्याची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि स्टँडकडं चालायला लागले, उजवीकडं कलून.

शुक्रवारी गाडी नव्या ड्रायव्हरनं लातूरला नेली. तिथं व्याही काय बोलले ते मला माहीत नाही. आप्पांनी परत आल्यावर गाडीवर ताडपत्री घालायला सांगितलं एवढं मी बघितलं. पिंडीवर दिवाळीपर्यंत पुन्हा पांढरा थर आला. अक्कांनी सोळा सोमवार नव्यानं धरले.

मामा काळी-पिवळीवर आहेत. त्याच वर्षीच्या भाद्रपदात मी केजला त्यांच्याच जीपनं गेलो. मी पुढं बसलो, म्हणजे मीच त्यांना बाहेर ढकललं. माजलगावच्या चौकात सर येऊन गेली होती आणि आप्पांची गाडी फळवाल्याच्या समोर उभी होती, ओली, नवा ड्रायव्हर चहाला गेलेला. मामांनी जीप थांबवली. हात खिशाकडं गेला. फडकं अजून तिथंच होतं.

"काय झालं बे?" मागून कुणीतरी विचारलं. "बावीस माणसं बसलेत."

ढगातून ऊन उतरत चौकापर्यंत आलं होतं.

"काय न्हाई," मामा म्हणाले, आणि जीप गिअरमध्ये टाकली. "सरका जरा आत."

आत कुणालाच सरकायला जागा नव्हती.