कड्याजवळची नोकरी

माझ्या दाजींना जितक्या नोकऱ्या चालून आल्या आणि त्यांनी जितक्या परत पाठवल्या, तितक्या साऱ्या मराठवाड्यात मिळून कुणी पाठवल्या नसतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव धावडा, अजिंठ्याच्या डोंगररांगेला अगदी टेकलेलं. लहानपणी त्यांच्या घरच्या शेळ्या चरता चरता कड्यावर चढत आणि खाली यायचं विसरून जात. त्यांना उतरवायला जाता जाता दाजींना कड्याची गोडी लागली. शेळ्या पुढे विकून झाल्या, गोडी तेवढी राहिली. रविवारी सकाळी लोक दाढी करतात, कपडे धुतात, पाहुण्यांकडे जातात. दाजी कमरेला दोरखंड गुंडाळून एखाद्या उभ्या दगडाकडे जात आणि संध्याकाळी गुडघे खरचटून, तोंडभर हसत परत येत. वर काय होतं, असं विचारलं तर म्हणत, "काही न्हाई. सपाट हाय."

या छंदाचा त्यांच्या पोटापाण्याशी थेट संबंध होता. दाजी टायपिस्ट होते. दगडाच्या फटीत चार बोटं रुतवून सगळ्या देहाचा भार तोलणारा माणूस टाइपरायटरवर बसला की काय होतं, ते ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. त्या काळी कचेरीत एका पत्राच्या सहा प्रती लागत. इतरांची चौथी प्रत डोळे बारीक करून वाचावी लागे, पाचवी अंदाजानं आणि सहावी श्रद्धेनं. दाजींची सहावी प्रत पहिलीच्या सख्ख्या बहिणीसारखी दिसे. फक्त जिथे जिथे वाक्य संपलं असेल, तिथे सहाही कागदांना आरपार भोक पडलेलं असे. एका साहेबांनी त्यांचा कागद उजेडाकडे धरून विचारलं होतं, "तुम्ही टाइप करता का शिवता?" आणि तरीही त्याच साहेबांनी त्यांचं नाव यादीत पहिलं लावलं. सहा स्वच्छ प्रतींपुढे भोकांचं कोण काय घेऊन बसतो?

ताईला बघायला ते जाफराबादला आमच्या घरी आले, तो दिवस मला लख्ख आठवतो. नदीकाठी जुन्या किल्ल्याची भिंत उभी आहे. एसटीतून उतरून आमच्या घराकडे येताना ती वाटेत लागते, हीच चूक झाली. पाहुणे आले, सतरंजीवर बसले, पोहे आले, आणि नवरदेव सतरंजीवर नव्हते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांच्या चुलत्यांना हळूच विचारलं, "नवरदेव कुठं हाईत?"

चुलते खाली बघत म्हणाले, "वर."

आम्ही सगळे भिंतीशी गेलो. दाजी दोन पुरुष उंचीवर पालीसारखे चिकटलेले, अंगात त्या दिवसासाठी शिवलेला नवा सदरा. खाली गल्ली जमलेली. कार्यक्रम मुलगी बघण्याचा होता आणि मुलगाच सगळ्या गावानं बघितला. आबांचा चेहरा पडला. पण गर्दीत मागे उभी असलेली ताई मला म्हणाली, "पडले का?"

"न्हाई."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि पोहे गरम करायला घरी गेली.

आबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमची घरं छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली. शिक्षण आणि नोकरी या दोन शब्दांचा आमच्या वस्तीत नुसता उच्चार झाला तरी माणसं सावरून बसत. दहावीच्या पुढे गेलेला मुलगा साऱ्या वस्तीचा मुलगा असायचा. त्यात जावई मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग जाणणारा. त्यामुळे लग्नानंतर दाजींना परभणीचा कॉल आला, तेव्हा शेजारणींनीच ताईचं सामान बांधायला घेतलं. दाजी गेले, परत आले, आणि म्हणाले, "जमणार न्हाई."

"का बरं?" आबांनी विचारलं.

"चारी बाजूंनी सपाट हाय, मामा. छतावर चढून बघितलं."

त्यानंतरचं वर्ष आमच्या घरानं एका नकाशाच्या तालावर काढलं. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातला महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा दाजींनी भिंतीला चिकटवला होता. हिरवा रंग म्हणजे मैदान, तपकिरी म्हणजे उंच भाग. कुठूनही पत्र आलं की ते त्या गावावर बोट ठेवत आणि बोटाच्या रुंदीत तपकिरी रंग येतो का ते पाहत. नांदेड हिरवं निघालं, लातूर फिकट निघालं. नागपूरहून चांगल्या कचेरीचं बोलावणं आलं होतं, त्याच्याकडे तर ते क्षणभर बघून हळहळले, आजारी माणसाकडे बघावं तसे. आबा बिचारे समजावून थकले. "अहो जावईबापू, माणसानं पगार बघावा, पेन्शन बघावी. दगड काय बघायचे असतात?"

दाजी अतिशय नम्रपणे म्हणाले, "पगार महिन्यातून एकदा येतो, मामा. रविवार चारदा येतो."

आबांनी मनातल्या मनात हिशोब केला. गणित बरोबर होतं, आणि ते मास्तर होते.

बीडच्या मुलाखतीची गोष्ट तर आमच्याकडे वर्षानुवर्षं सांगितली जायची. साहेबांनी सगळं विचारून झाल्यावर, तुम्हाला काही विचारायचंय का, असं म्हटलं. दाजींनी विचारलं, "साहेब, इथून कडा किती लांब पडतो?"

साहेब खूश झाले. "कडा? आष्टीच्या पुढं. माझी सासुरवाडीच हाय तिथं. तुमचं कोण असतं?"

"अजून कुणी न्हाई," दाजी म्हणाले, "पण दर रविवारी जाईन म्हणतो." साहेबांनी मग जायच्या एसटीची वेळ सांगितली, सासऱ्यांना चिठ्ठी दिली. दाजी दोरखंड घेऊन निघाले आणि दुपारी कडा नावाच्या गावात उतरले. गाव होतं, स्टँड होता, बाजार होता. साहेबांच्या सासऱ्यांनी त्यांना पोटभर जेवू घातलं आणि दोरखंडाकडे पाहून विचारलं, "बैल न्यायला आलात का?" बीडची नोकरी त्याच दिवशी बाद झाली.

यानंतर ताईला अंबडच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. योगायोग असा की अंबडच्या कचेरीतही टायपिस्ट हवा होता. आबांनी एसटीनं धावडा गाठलं आणि जावयासमोर बसून अखेरचा डाव टाकला. "अंबडला डोंगर न्हाई असं म्हणू नका. मत्स्योदरी देवीची टेकडी हाय."

"तिला पायऱ्या हाईत, मामा," दाजी दुःखानं म्हणाले.

त्याच आठवड्यात नाशिकची ऑर्डर आली. नकाशावर नाशिकच्या आजूबाजूला इतका तपकिरी रंग होता की बोट कुठेही ठेवा. पक्की नोकरी, मोठं शहर आणि सायकलच्या टप्प्यात कडे. आता नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. ताई अंबडला रुजू झाली, तिला तेव्हा दिवस गेले होते. बाळंतपण झालं की तिनं बदली मागायची, असं ठरलं, आणि दाजी दोरखंड घेऊन नाशिकला गेले.

तिथून त्यांची पत्रं येत. कचेरी सुटल्यावर टाइप केलेली, कार्बन लावून. एकच मजकूर ताईला, आबांना, धावड्याला, आणि मी जालन्याला कॉलेजात होतो म्हणून मला. 'सप्रेम नमस्कार' प्रत्येकाला सारखाच. आधीच्या पत्रांत कड्यांची वर्णनं असत: कुठला किती उंच, कुठल्याचा दगड हाताला गार लागतो, कुठल्यावर मधमाश्या आहेत. दोनच महिन्यांनी एक पत्र आलं, त्यात पाऊण पान सोडलेलं होतं. मजकूर एवढाच होता: 'कडा उत्तम आहे. खाली कोणी नसतं.' आणि दोन्ही वाक्यांपुढे नेहमीची दोन भोकं.

मी ते पत्र घेऊन अंबडला गेलो. ताईकडेही तेच होतं, ते तिनं उशीखाली ठेवलं होतं. म्हणाली, "लग्न झाल्यापासून दर रविवारी मी खाली बसायचे. त्यांचा चष्मा आणि चपला सांभाळायचे. मला वाटायचं, ह्यांना मी दिसतच न्हाई वरून."

पुढच्या महिन्यात दाजींनी अंबडच्या कचेरीतला, मूळचा नाशिकचा एक टायपिस्ट शोधून काढला आणि दोघांनी अदलाबदलीचा अर्ज केला. तो मंजूर झाला. दाजी अंबडला आले तेव्हा घरी मुलगी झाली होती. ते आनंदात होते, यात शंका नाही. पण रविवार उगवला की अंगणात उभे राहून चौफेर बघत, आणि नजर कुठेच अडत नसे. एकदा मी त्यांना घराच्या चौकटीला लोंबकळताना पाहिलं. मला म्हणाले, "बोटं जिवंत ठेवून राह्यलो."

असं काही महिने चाललं. मग एक दिवस ते कचेरीत एका शेतकऱ्याचं प्रतिज्ञापत्र टाइप करत होते. भावाभावांत विहिरीचा वाद होता. शेतकरी सांगत होता, 'सदर विहीर साठ फूट खोल, काळ्या पाषाणात खोदलेली, बाजू उभ्या.' दाजींची बोटं थांबली.

"उभ्या म्हणजे किती उभ्या?"

"भिंतीसारख्या."

"बांधलेल्या हाईत?"

"न्हाई साहेब, निव्वळ दगड. पायऱ्या होत्या त्या बी पडल्या. पंपाचा फूटव्हॉल्व्ह खाली अडकलाय, मोसंबी वाळून चालली, उतरायला कुणी तयार न्हाई."

दाजींनी त्याचा पत्ता प्रतिज्ञापत्रावर टाइप केला आणि स्वतःच्या तळहातावरही लिहून घेतला. रविवारी ते विहिरीत उतरले, फूटव्हॉल्व्ह सोडवला, आणि वर यायला मुद्दाम दोन तास लावले. संध्याकाळी ताईला म्हणाले, "अगं, सगळं अंबड कड्यांनी भरलंय. खालच्या बाजूनं."

तेव्हापासून त्यांचे रविवार तीन-तीन आठवडे आधी ठरलेले असत. कुणाची कळशी, कुणाचं घमेलं, एकदा तर एका पाहुण्याची कवळी. साहेब कामाचे पैसे घेत नाहीत हे पाहून लोक काहीबाही देऊ करत, दाजी घेत नसत. त्यांना उलट, लोकांच्या वस्तू आणखी का पडत नाहीत, अशी काळजी लागलेली असे.

एकदा नातीला बघायला आबा अंबडला आले. मी सोबत होतो. रविवार होता, म्हणून आम्हीही दाजींबरोबर एका मळ्यातल्या विहिरीवर गेलो. मळ्याचे मालक म्हातारे होते, डोक्याला फेटा. त्यांनी दोरखंडाचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, पाय रोवले आणि सारखे सांगत राहिले, "दमानं, साहेब. दमानं." ताई काठावर लेकीला घेऊन बसली होती, शेजारी चष्मा आणि चपला. आबा मात्र दहा-बारा हात लांब, बाभळीखाली उभे होते. मला वाटलं, त्यांना खोली बघवत नसेल.

म्हाताऱ्यांचं लक्ष गेलं. "गुरुजी, तिथून काय दिसतंय? इकडं काठावर या की."

आबा आले. हळूहळू, एकेक पाऊल टाकत. काठावर येऊन त्यांनी खाली पाहिलं. दाजी वर आल्यावर म्हाताऱ्यांनी त्याच विहिरीचं पाणी शेंदलं आणि तांब्या आधी आबांच्या हातात दिला. आबांनी तो ओंजळीत धरला आणि तोंडाला लावून सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. मग म्हणाले, "माझी आई घागर घेऊन असंच लांब उभी राहायची. कुणी ओतलं तर पाणी. दुपार व्हायची कधी कधी."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "गाव बरं निवडलं जावयानं."

बाहेर ऊन उतरत होतं. जालना येईपर्यंत रस्त्याच्या कडेला जी जी विहीर लागली, तिच्याकडे आबा बघत राहिले, आणि ती मागे पडली की मान वळवून पुन्हा एकदा बघत.