शेऱ्याचा रकाना

१७ फेब्रुवारी २०२३. शुगरची मशीन, सुया आणि पट्ट्या मिळून एक हजार तीनशे ऐंशी रुपये झाले. रश्मीच्या पर्समधून तेराशे पन्नास निघाले. पावर हाउस चौकातल्या औषध दुकानातले भैय्याजी म्हणाले, राहू द्या, पुढच्या वेळी.

सहावा महिना लागला होता आणि गरोदरपणातली शुगर निघाली होती. इंजेक्शन सुरू झालं. दिवसातून चारदा बोट टोचायचं, आकडा लिहायचा. सासरे पंजाबराव यांची तीस वर्षं स्टील प्लांटात भट्टीचं तापमान नोंदण्यात गेलेली. त्यांनी वहीत पट्टीने रकाने आखून दिले: तारीख, वेळ, रीडिंग, शेरा. शेरा कोरा ठेवायचा नाही आणि खोडाखोड झाली तर शीट बाद, हा प्लांटचा नियम त्यांनी सुनेलाही लावला.

रश्मीने तो पाळला. आधी 'दोन पोळ्या', 'भात जास्त' असे शेरे पडले. मग 'झोप नाही'. मग एकशे अठ्ठ्याऐंशीच्या पुढे 'बाळाचं वाईट माझ्याच हातून'. आणि एका सकाळी रीडिंग चांगलं ब्याण्णव आलं, त्याच्यापुढे 'कशातच जीव नाही'.

सासू भागाबाईंनी ते वाचलं आणि पान फाडायला सांगितलं. पोटुशी बाई हसत राहिली की शुगर आपोआप उतरते, असं त्यांचं म्हणणं. रश्मीने पान फाडलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, बढिया म्हणाल्या आणि वही मिटली. रश्मीने ती पुन्हा उघडली.

"मॅडम, आधा ही पढ़ा आपने. बाजूवाला कॉलम भी पढ़िए."

मागे रांग होती. भागाबाई दंड धरून ओढत होत्या. रश्मी उठली नाही. डॉक्टरांनी वाचलं, पेन खाली ठेवलं आणि कधीपासून, असं विचारलं. शुगर मनाला ओढते, मन शुगरला. यात तुझा दोष नाही, असं सांगून त्यांनी मनाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली.

ऑटोत भागाबाई म्हणाल्या, "तिथं जाशीन तं लोक पागल म्हनतीन."

"मी शुगरचं इंजेक्शन घेतो, तं कोनी मले गोड म्हनते का?"

भागाबाईंनी तोंड बाहेर फिरवलं. पण दर मंगळवारी मनाच्या डॉक्टरांकडे सोबत त्याच यायच्या, जिन्याखाली थांबायच्या.

मेमध्ये मुलगी झाली. शुगर उतरली, रश्मीचं रडू लगेच उतरलं नाही. रीडिंगचा रकाना रिकामा पडला तरी रश्मी शेरा लिहीत राहिली. आता कावून लिहून राहिली, असं भागाबाईंनी विचारलं.

"शीट बंद नाही झाली अजून."

भैय्याजींचे तीस रुपयेही अजून द्यायचे राहिले आहेत.